घोड्यांच्या आखाड्यावर चार दिवस राहायचं असेल तर

लातूरच्या एका ताईंनी विचारलंय: "दिवाळीनंतर चार दिवस मोकळे आहेत. चौदा वर्षांच्या मुलीने अमेरिकेतल्या रँचचे व्हिडिओ पाहिलेत. तिथे लोक आठवडाभर घोड्यांमध्ये राहतात, रोज रपेट करतात. तसं काहीतरी मराठवाड्यातच करायचंय. मुलगा आठ वर्षांचा आहे, मिस्टरांचं वजन ९२ किलो, मी एक्केचाळीस वर्षांची. आमच्यापैकी कुणीच कधी घोड्यावर बसलेलं नाही. ठिकाण कसं निवडायचं? चार दिवसांत घोडा पळवता येईल का? मिस्टरांना जमेल का? आणि लेकरांना धोका किती?"

ताई, मी नांदेड जिल्ह्यात २२ वर्षं घोडेस्वारी शिकवतोय. शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, सात घोडी आहेत, आणि गेली काही वर्षं सुट्टीत दोन-तीन कुटुंबं राहायलाही येतात. म्हणजे या धंद्यात मी स्वतः आहे. म्हणूनच माझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या ठिकाणाचं नाव इथे घेत नाही. तुम्हाला जवळपास जे सापडेल ते पारखायचं कसं, एवढं नीट सांगतो.

"ठिकाण कसं निवडायचं" असंच बहुतेक लोक विचारतात. मग खोल्यांचे फोटो, पोहायचा हौद, जेवणात काय आहे, हे बघून पैसे भरतात. पण तुमची मुलगी ज्यासाठी हट्ट धरून बसलीय ते खोलीत नाही, पागेत आहे. खरा प्रश्न असा आहे: तुमच्या घरच्या माणसांच्या वजनाला आणि धीराला झेपतील असे घोडे तिथे आहेत का, आणि ज्याला जो घोडा दिला तो चारही दिवस त्याच्याकडेच राहील का? हे दोन्ही जमलं तर पत्र्याच्या खोलीतही सुट्टी सोन्यासारखी जाते. नाही जमलं तर मैदानात पाच-पाच मिनिटांच्या चकरा होतात, प्रत्येक चकरेचे वेगळे पैसे लागतात, आणि संध्याकाळी लेकरं मोबाइल घेऊन बसतात.

'तोच घोडा' यावर मी एवढा जोर का देतो, ते तुमच्या मुलीने पाहिलेल्या रँचवरूनच कळेल. तिकडे ही पद्धत गुरं पाळणाऱ्यांच्या घरातूनच निघाली. ईटन आडनावाच्या भावांचा १८८० च्या दशकात डकोटात रँच होता. शहरातले मित्र तिथे येऊन इतके दिवस मुक्काम ठोकायचे की शेवटी राहण्या-जेवणाचे पैसे घेणं भाग पडलं. १९०४ मध्ये हे भाऊ वायोमिंग राज्यातल्या वुल्फ या गावी गेले. १९२६ मध्ये अशा रँचवाल्यांची संघटनाही झाली. तिथला मुक्काम साधारण आठवड्याचा असतो. पहिल्या दिवशी तुमची उंची, वजन आणि अनुभव विचारून एक घोडा नेमून देतात आणि तो आठवडाभर तुमचा. नवखे लोक चालीवरच फिरतात, ज्यांना येतं ते पळवतात, आणि या दोघांचे गट वेगळे ठेवतात. व्हिडिओत दिसतो तो बहुतेक पळवणाऱ्यांचा गट. बाकीचे पाहुणे सावकाश चालीने डोंगर चढत असतात आणि तेही तितकेच खूष असतात.

घोडा माणसाला ओळखायला दोन दिवस घेतो. माणूस घोड्याला ओळखायला जरा जास्तच घेतो. पहिल्या दिवशी तुमचा लगाम हातात घट्ट असतो, पाय थरथरत असतात आणि घोड्याला ते सगळं पाठीवर कळत असतं. तिसऱ्या दिवशी तुम्हाला ठाऊक झालेलं असतं की हा घोडा उसाच्या फडाजवळ कान टवकारतो, डाव्या हाताला वळायला कुरकुरतो, पाण्याच्या टाकीपाशी आला की थांबतोच. तिथून खरी मजा सुरू होते. रोज नवा घोडा दिला तर तुम्ही चारही दिवस पहिल्याच दिवशी असता.

आता घोडे पारखायचे कसे ते सांगतो. पैसे भरायच्या आधी एकदा जाऊन या. लातूरहून दोन-अडीच तासांचं अंतर असेल तर एका रविवारी होतं. सकाळी लवकर जा, खोगीर चढवायच्या आधी. मालकाला म्हणा, "पाठ बघू द्या." ज्याच्या घोड्यांची पाठ चांगली आहे तो आनंदाने दाखवतो. मान संपून पाठ सुरू होते तिथे एक उंचवटा असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना आणि तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळतात तिथे, पुढच्या पायांच्या मागे, नीट बघा. ओली जखम असेल तर तिथून सरळ परत या. गडद रंगाच्या घोड्याच्या अंगावर त्याच जागी पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर ते जुन्या जखमेचे व्रण असतात. एखाद्या घोड्यावर एखादा ठिपका असेल तर मी मनावर घेत नाही, कारण तो कदाचित विकत घेतानाच तसा आला असेल. पण पाचपैकी चार घोड्यांवर असतील तर त्या पागेत खोगिरं नीट बसत नाहीत आणि कुणी लक्षही देत नाही. मग तळहात कण्याच्या बाजूबाजूने बेताने दाबत न्या. निरोगी घोडा नुसता मागे वळून बघतो. पाठ दुखत असेल तर तो खाली वाकतो, कातडी थरथरवतो, कान मागे टाकतो. तोंडाच्या कोपऱ्यांत चिरा पडल्यात का तेही बघा. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्यांना मोजता येऊ नयेत.

एवढं बघायला वीस मिनिटं लागतात आणि त्यातून सगळं कळतं. जो माणूस मुक्या जनावराची पाठ सांभाळतो, तो तुमच्या लेकराचंही हाड सांभाळतो. जो दुखऱ्या पाठीवर खोगीर कसतो, त्याच्या घोड्याने एखाद्या दिवशी पाहुण्याला पाडलं तर त्यात घोड्याचा काय दोष?

दिवाळीनंतरची म्हणून एक खास गोष्ट. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते, आणि आपल्याकडची बरीच घोडी वरातीच्या कामाला जातात. त्यातली काही नाचकाम शिकवलेली असतात. हलगी वाजली की पुढचे पाय उचलून ठेका धरायचा, हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. ती शहाणी जनावरं आहेत, मला त्यांचं कौतुकच आहे. पण रात्री बारापर्यंत वरातीत नाचलेली घोडी सकाळी सात वाजता तुमच्या मुलाखाली देणं हा तिच्यावर अन्याय आहे आणि मुलालाही धोका. शिवाय तुम्ही पाणंदीने निघालात आणि शेजारच्या गावात हलगी कडाडली, तर ती तिथेच नाचायला लागेल. नवख्याला वाटतं घोडा उधळला. तो घाबरून लगाम ओढतो, घोडी आणखी वर उठते. माझ्याकडे पूर्वी अशी एक पंचकल्याण, म्हणजे चारही पाय आणि तोंड पांढरं असलेली, घोडी होती. वरातीतून काढून वर्षभर शिकवली, पण हलगीपुढे तिचा इलाज नव्हता. ती मी पाहुण्यांना कधीच दिली नाही. म्हणून स्पष्ट विचारा: "ही घोडी वरातीला जातात का? नाचकाम केलेली कोणती?" वरातीची आणि पाहुण्यांची घोडी वेगळी आहेत असं उत्तर आलं पाहिजे.

आता तुमच्या मिस्टरांबद्दल. इथे मी गोड बोलणार नाही. घोड्याच्या पाठीवर स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या फार तर पाचव्या हिश्शाइतकं ओझं असावं, हा सर्वसाधारण हिशोब आहे. नवख्यासाठी मी त्याहूनही कमी धरतो, कारण नवखा माणूस तोल सावरत नाही, गोणीसारखा आदळतो. आपल्याकडे दिसतात ते मारवाडी, काठेवाडी किंवा मिश्र रक्ताचे घोडे. बाजारात उंची इंचांत सांगतात. ५८ ते ६० इंची घोडा साधारण साडेतीनशे ते चारशे किलोचा भरतो. चारशेचा पाचवा हिस्सा ८०. मिस्टरांचे ९२ आणि खोगिराचे आठ-दहा मिळून शंभर झाले. हिशोब बसत नाही. त्यांना चालायला पाचशे किलोच्या आसपासचा, रुंद छातीचा घोडा हवा. तसे मोठे घोडे आपल्याकडे असतात, पण ते बरेचदा शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड जातीचे असतात. त्यांचं वजन पुरतं, पण ते तापट असतात. पहिल्यांदा बसणाऱ्याला तो घोडा मी देणार नाही. अमेरिकेतल्या रँचवर शंभर किलोच्या माणसालाही घेतात, कारण त्यांचे क्वार्टर हॉर्स जातीचे घोडे अंगाने भरलेले आणि जड असतात. तरीही तिकडे वजनाची मर्यादा आधीच सांगून ठेवतात.

म्हणून माझं मत असं की मिस्टरांनी या खेपेला घोड्यावर बसू नये. ज्या ठिकाणी "काही नाही होत साहेब, बसा" असं म्हणतील त्या ठिकाणावरचा माझा विश्वास उडेल. पण त्यांचे चार दिवस वाया जातील असं अजिबात नाही. घोड्याला मोरकी (तोंडाला बांधायची दोरी) घालून चालवणं, वळवणं, थांबवणं, लांब दोरीवर गोलात फिरवणं ही मोठी कला आहे आणि जमिनीवर उभं राहूनच शिकायची असते. माझ्याकडे आलेला एक शिक्षक चार दिवस घोड्यावर बसलाच नाही. त्याला पाठीचा त्रास होता. शेवटच्या दिवशी तो दोरी न लावता मैदानात चालत होता आणि घोडी त्याच्या खांद्यामागून येत होती. तो वळला की ती वळत होती. त्या माणसाचे डोळे भरून आले होते. टांगा किंवा छकडा असेल तर तोही त्यांना हाकता येईल. ओढायच्या वजनाचा हिशोब पाठीवरच्या ओझ्यापेक्षा वेगळा असतो.

चार दिवसांत घोडा पळवता येईल का? मुलीला शेवटच्या दिवशी, बंदिस्त मैदानात, शिकवणाऱ्याच्या दोरीवर चार-सहा टापा कँटर, म्हणजे संथ दौड, मिळाला तर मिळाला. तुम्हाला बहुधा नाही. हे अंगकाठीवर, वयावर, भीतीवर आणि मुख्य म्हणजे घोड्यावर अवलंबून असतं, त्यामुळे फोनवर कुणी छातीठोक हो म्हणालं तर सावध व्हा. माझ्याकडे मी असं करतो. पहिल्या सकाळी खोगीर चढवायचंच नाही. पाहुण्यांनी आपापल्या घोड्याला खरारा करायचा, खूर साफ करायचे, मोरकी धरून फिरवायचं. संध्याकाळी पाऊण तास दोरीवर, गोलात, फक्त चाल. कान, खांदा, कंबर आणि टाच एका रेषेत, टाच खाली, नजर घोड्याच्या कानांमधून पुढे. दुसऱ्या दिवशी दुडकी. दुडकीत घोड्याचे तिरक्या जोडीतले पाय (पुढचा डावा आणि मागचा उजवा, मग उलट) एकत्र पडतात, त्यामुळे बसणारा उडतो. त्या ठेक्यावर उठ-बस करायला शिकावं लागतं. दुसऱ्या रात्री मांड्या आतून इतक्या भरून येतात की जिना उतरवत नाही. हे सगळ्यांचं होतं, घाबरू नका. म्हणूनच तिसऱ्या दिवशी सकाळची रपेट मी लहान ठेवतो, पण ती मैदानाबाहेर काढतो.

आपल्याकडच्या घोड्यांत एक देणगी आहे ती मागून घ्या. बऱ्याच मारवाडी-काठेवाडी घोड्यांना रेवाल चाल येते. त्यात एका बाजूचे पुढचा-मागचा पाय जवळजवळ एकदम पडतात, त्यामुळे पाठ फारशी हलतच नाही. जुनी माणसं सांगायची की रेवाल घोड्यावर भरला तांब्या घेऊन बसलं तरी पाणी सांडत नाही. दुडकीइतका, कधी त्याहून जास्तही वेग मिळतो आणि बसणारा पलंगावर बसल्यासारखा. तुमच्या वयाच्या नवख्या माणसाला चार दिवसांत वाऱ्याची चव द्यायची असेल तर कँटरपेक्षा रेवाल बरी. "रेवाल घोडी आहे का?" असं विचारलंत की मालक तुमच्याशी वेगळ्याच सुरात बोलायला लागेल.

मुलीसाठी सगळ्यात मोलाची वेळ कोणती ते सांगतो. सकाळचे साडेपाच. मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा गडी, पागेत जातो तेव्हा तिने त्याच्याबरोबर जावं. बाहेर अंधार असतो, आतून कडबा चावल्याचा सावकाश कुरुकुरु आवाज येत असतो. कुणी आलंय हे कळताच एकेक मान वर होते, आणि ज्याला चंदीची (दाण्याच्या खुराकाची) वेळ कळलीय तो दाराशी येऊन नाकपुड्या फुलवून फुरफुरतो. मग भिजवलेल्या हरभऱ्याचा तोबरा, पाणी, शेण काढणं. पुढचा पाय हातात घेऊन लोखंडी आकड्याने खुरातली माती काढायची. टाचेकडून पुढे, आतल्या मऊ त्रिकोणाला न खुपसता. एवढं मोठं जनावर आपला पाय आपल्या हातात देऊन शांत उभं राहतं, हे पहिल्यांदा अनुभवणाऱ्या लेकराचा चेहरा मी शेकडो वेळा पाहिलाय आणि अजून माझं मन भरलेलं नाही. पाहुण्यांना पागेत येऊ न देणारं ठिकाण असेल, घोडे थेट मैदानात तयार करून आणत असतील, तर तिथे जाऊ नका. तुमच्या मुलीला जे हवंय ते तिथे मिळणारच नाही.

मुलगा आठ वर्षांचा आहे. त्याच्यासाठी बुटकं, वयस्कर तट्टू बघा. भीमथडीच्या वळणाची, धनगरांकडे बिऱ्हाड वाहणारी बुटकी घोडी तुम्ही पाहिली असतील. तसं काटक आणि शांत जनावर लहान मुलाला उत्तम. दोरी पूर्ण वेळ माणसाच्या हातात हवी आणि एका वेळी वीस-पंचवीस मिनिटं पुरेत. तो नको म्हणाला तर बसवू नका. रडणाऱ्या लेकराला फोटोसाठी घोड्यावर चढवलेलं मला बघवत नाही. दोन दिवस त्याला बादली भरू द्या, गाजराचे तुकडे तळहात सपाट ठेवून भरवू द्या, तिसऱ्या दिवशी तो आपणहून विचारेल. मात्र दिवाळीचं फराळ घोड्याला द्यायचं नाही, हे त्याला आधीच बजावून ठेवा. करंजी, लाडू, पेढा काहीच नाही. घोड्याला ओकता येत नाही. पोटात गेलेलं बाधलं की पोटशूळ उठतो, आणि त्यात रात्रीतून घोडा जातो.

धोक्याबद्दल. धोका शून्य नसतो, असं मी प्रत्येक आईला सांगतो. पण माझ्या अनुभवात अपघात बहुतेक मोजक्याच कारणांनी होतात, आणि ती कारणं घरीच टाळता येतात. पहिलं कारण पायातले बूट. खूप वर्षांपूर्वी माझ्याच मैदानात एक तरुण सपाट तळाचे खेळाचे बूट घालून बसला होता. मी पाहिलं होतं आणि तरी काही बोललो नाही. घोडं जरा दचकलं, तो कलला, आणि पाऊल रिकिबीतून, म्हणजे पाय ठेवायच्या कडीतून, आरपार घोट्यापर्यंत गेलं. घोडं आठ-दहा पावलं त्याला फरफटत घेऊन गेलं. माझ्या गड्याने धावत जाऊन लगाम धरला म्हणून खांद्यावर निभावलं. चूक माझी होती. त्या दिवसापासून टाच नसलेल्या बुटात मी कुणालाही बसवलेलं नाही. अर्धा-पाऊण इंच तरी टाच हवी, म्हणजे पाऊल रिकिबीत अडतं. तळ गुळगुळीत हवा, खाचाखाचांचा नको.

दुसरं हेल्मेट. घोडेस्वारीचंच हवं, हनुवटीचा पट्टा लावून, आणि मुलाच्या मापाचं वेगळं. मोटारसायकलचं जड हेल्मेट मानेला त्रास देतं, आजूबाजूचं ऐकूही येत नाही. त्यांच्याकडे लेकरांच्या मापाचं नसेल तर तुम्ही घेऊन जा. ओढणी, मफलर, लांब कानातलं नको, वेणी घट्ट. जीन्स पँटची आतली शिवण मांड्या सोलते, म्हणून अंगाबरोबरची मऊ, लांब विजार बरी. घोड्याच्या मागून जायचं नाही. जायचंच असेल तर दहा-बारा फूट सोडून, बोलत बोलत.

तिसरं म्हणजे रस्ता. दिवाळीनंतर आपल्या भागात ऊसतोड सुरू असते. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून निघतात. नवख्याला घेऊन डांबरी रस्त्यावरून जाणारं ठिकाण मला मान्य नाही. रपेट पाणंदीने, गाडीवाटेने, माळावरून नेतात का ते विचारा. पुढे एक आणि मागे एक जाणता माणूस असतो का, तेही. सगळ्यांना धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का बघा, पागेत जायचं तर ते हवंच. हाडांचा दवाखाना किती अंतरावर आहे ते मालकाला तोंडपाठ असलं पाहिजे. मणक्याचा त्रास, गरोदरपण, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांपैकी काही असेल तर बसू नये. घोड्यांची ग्लँडर्सची तपासणी झालीय का, हेही विचारा. हा घोड्यांचा रोग माणसालाही होतो आणि त्याची तपासणी रक्तावरून होते. चांगला मालक कागद काढून दाखवतो.

तुम्ही निवडलेले दिवस तसे चांगले आहेत. आपली काळी जमीन पावसाळ्यात खुराला चिकटते, घोडा घसरतो. मार्चनंतर तिला इतक्या भेगा पडतात की पळत्या घोड्याचा पाय अडकून मोडू शकतो. मे महिन्यात नांदेड-परभणीकडे ४२-४३ अंशांत घोड्यालाही सावली हवी असते. पाऊस वेळेवर थांबला असेल तर दिवाळीनंतर जमिनीला वाफसा असतो, माती ना चिखल ना दगड, आणि घोड्याच्या पायाखाली याहून चांगली जमीन नाही. परतीचा पाऊस लांबला तर मात्र दोन दिवस मैदानातच काढायची तयारी ठेवा. सोयाबीन निघालेलं असतं, तूर उभी असते, हरभरा-ज्वारीची पेरणी झालेली असते. पेरलेल्या वावरातून घोडा घालणारा मालक शेजाऱ्यांशी भांडत असतो, एवढं समजून घ्या.

तरी तारखा पुढे ढकलता आल्या तर माझा एक आग्रह आहे. तुम्ही लातूरच्या, म्हणजे येळवस तुम्हाला सांगायला नको. त्या वेळ अमावस्येच्या आदल्या दिवशी, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला, लोहा तालुक्यातल्या माळेगावात खंडोबाची देवस्वारी निघते आणि यात्रा सुरू होते. डिसेंबरच्या उत्तरार्धात, कधी जानेवारीत. तिथे घोड्यांचा बाजार भरतो, गाढवं, उंट, लाल कंधारी आणि देवणी जातीची गुरंही येतात. माझ्या आजोबांनी त्यांची पहिली घोडी तिथेच घेतली होती. खंडोबा स्वतःच घोड्यावरचा देव, त्यामुळे त्या बाजारात घोड्याकडे नुसतं जनावर म्हणून कुणी बघत नाही. जाणती माणसं घोड्याच्या अंगावर केसांचे भोवरे कुठे आहेत ते बघतात, दात बघून वय सांगतात, रेवाल चालवून दाखवतात. मुलीला तो एक दिवस दाखवा आणि मग तीन दिवस एखाद्या आखाड्यावर राहा. पहाटे थंडी मात्र खरी असते. परभणीकडे पारा पाच-सहा अंशांपर्यंतही उतरतो. कानटोपी आणि स्वेटर भरून न्या.

पैशांचं थोडक्यात. राहणं, जेवण आणि स्वारी या तिन्हींचा हिशोब वेगवेगळा मागा. स्वारी 'चकरे'वर मोजतात की तासावर, ते विचारा. माणशी रोज दीड-दोन तास, सकाळ-संध्याकाळ वाटून, तोच घोडा आणि तोच शिकवणारा, एवढं ठरवून घ्या. कृषी पर्यटनाची नोंदणी असेल तर चांगलंच. राज्याचं धोरण २०२० मध्ये आलंय आणि बऱ्याच शेतकऱ्यांनी नोंदणी केलीय. पण त्या कागदावरून खोल्या-संडासाचं कळतं, घोड्यांच्या पाठीचं कळत नाही. दुपारी घोडे विश्रांती घेतात तेव्हा त्यांना उठवायला सांगू नका. त्या वेळात औसा, उदगीर किंवा कंधार, जो किल्ला जवळ पडेल तो बघून या.

फोन कराल तेव्हा एवढंच विचारा: किती घोडी आहेत आणि वरातीला जातात का, ९२ किलोच्या माणसाला काय द्याल, चारही दिवस तोच घोडा मिळेल का, मुलीला पहाटे पागेत येऊ द्याल का. दुसऱ्या प्रश्नाला "घोड्यावर नको, जमिनीवरून शिकवू" किंवा "आमच्याकडे तेवढा मोठा आणि शांत घोडा आहे, येऊन बघा" असं उत्तर आलं, तर रविवारी पाठी बघायला निघा. आणि मुलीच्या बुटांचा बाजूने काढलेला एक फोटो टाका, टाच पुरेल का ते बघून सांगतो.